मालकाच्या गाडीमागनं

बसा पावणं, चहा येतोय. भिंतीवरच्या त्या निशाणाकडं बघून काय विचारायच्या आधीच सांगतो, त्ये निशाण चंद्रीचं हाय, माझं न्हाय. चंद्री म्हंजे ती पलीकडची, वाकड्या शिंगाची म्हैस. तिच्यापायी मला सगळ्या कसबा बावड्यासमोर खोटं बोलायला लागलं आणि पाठोपाठ खरं बी बोलायला लागलं. दोन्ही एकाच दिवशी, दिवाळीच्या पाडव्याला.

मला सगळं बावडा आण्णा म्हणतं. अकरा म्हशींचा गोठा हाय, बायको शालूबाई हाय आणि एकच पोरगी हाय, क्रांती. सव्वीस वर्षांची. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीत तपासणी खात्यात नोकरीला हाय. लोखंडाच्या वस्तू मोजती, आणि केसभर फरक निघाला तरी माल परत लावती. घरात बी तसंच. माझ्या बोलण्यातला केसभर फरक तिला खपत न्हाय.

तिला कागलला जाया-यायला म्हणून मी एक बारकी गाडी घेतली. पांढरी, चार दारं, एसी, मागं मऊ सीट. गाडी माझ्या नावावर. अंबाबाईला जाऊन हार घातला, चाकाखाली लिंबू चिरडलं, सगळं रीतसर केलं. काय देखणी गाडी होती म्हणून सांगू! होती म्हणतोय, ध्यानात घ्या.

गेल्या श्रावणात एका सकाळी पोरगी चहाबरोबर एक छापील कागद घेऊन आली.

"आण्णा, दिवाळी झाली की गगनबावड्याकडं गाड्यांची रॅली हाय. मला उतरायचंय. गाडी तुमच्या नावावर हाय, त्यामुळं मालकाची लेखी संमती लागती. हितं सही करा."

"रॅली म्हंजे झेंडं लावून हळूहळू जायचं की?"

"तसली न्हाय. मातीच्या रस्त्यावरनं, घड्याळ लावून पळवायची. एकेक गाडी सोडत्यात."

"गगनबावड्याला? त्या वळणात? त्या धुक्यात?"

"व्हय."

मी कप आपटला. निम्मा चहा कागदावर सांडला आणि कपाचा गोल डाग उमटला. "माझ्या जिवात जीव हाय तवर सही न्हाय! गाडी कामाला जायला घेतलीया, मराया न्हाय!" असं म्हणून अर्धा तास वरडलो. खरं सांगू का पावणं, मला राग आलाच न्हवता. भ्या वाटलं. एकुलती एक पोरगी. पण बावड्यातला माणूस मला भ्या वाटलं असं तोंडानं म्हणतोय व्हय? त्यो वरडतो. मी वरडलो.

पोरीनं कागदावर फुंकर मारली, पदराला पुसावा तसा ओढणीला पुसला, घडी घातली आणि म्हणाली, "बरं."

एवढंच. सव्वीस वर्षात ती एका शब्दावर कधी गप्प बसलेली न्हवती. तिथंच मला कळायला पायजे होतं.

आठ दिवसांनी गाडीतली मागची सीट गायब.

"क्रांते, सीट कुठाय?"

"काढली. कंपनीचा नियम हाय आण्णा, मागं सामानाला मोकळी जागा पायजे."

आता कंपनीचा नियम म्हणल्यावर मी गप्प का बसलो, त्ये सांगतो. एकदा मी तिच्या कंपनीत डबा द्यायला गेलतो. तर गेटवर माझ्या चपला बघून आत सोडंनात. जड बूट घातलं, डोक्यावर पिवळी टोपी घातली, डोळ्याला चष्मा लावला, आणि मग कुठं कँटीनमधी बसवून चहा दिला. चहा प्यायला टोपी! ज्या कंपनीत चहा डोक्यावर पडंल म्हणून टोपी घालत्यात, तिथं कसला बी नियम असू शकतो. माझा त्या कंपनीच्या नियमावर देवासारखा विश्वास बसलेला. पोरीला त्ये चांगलं ठाऊक होतं.

मग रोज काय ना काय गळायला लागलं. पायाखालचं गालिचं गेलं. दाराच्या आतलं गुबगुबीत गेलं. एसी गेला. नुसता पत्रा उरला, गाडीत बसून बोललं की आवाज घुमायचा. विचारलं की उत्तर ठरलेलं, कंपनीचा नियम. बॉनेटला दोन खिळं आणि टाचण्या आल्या. इंजनाखाली जाडजूड पत्रा आला. गाडी वीतभर उचलली गेली.

हे सगळं करणारा सोमशेखर. तिच्याबरोबर कॉलेजात शिकलेला, निपाणीकडचा, आईला अव्वा म्हणणारा, लाजाळू. उद्यमनगरात पाइप वाकवायचं वर्कशॉप हाय त्येचं. माझ्यासमोर आला की मान खाली घालून पायाचा अंगठा बघत बसायचा. मला वाटायचं, काय संस्कार हाईत! त्यो खाली बघत होता कारण वर बघितलं असतं तर हसला असता.

एका रविवारी त्या गाडीच्या पोटात पोलादी पाइपांचा पिंजराच बसला. छतापासनं तळापर्यंत, आडवं, उभं, तिरकं.

"हे आणि काय?"

"गाडी उलटली तरी आतलं माणूस चेंगरू नये म्हणून. कंपनीचा..."

"नियम! व्हय, व्हय, कळलं."

मला तर लय आवडला पिंजरा. दूध संघात, न्हाव्याकडं, पानाच्या टपरीवर, चार ठिकाणी सांगत सुटलो, पोरीच्या कंपनीला लय काळजी. शेजारचा गुंडू गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "आण्णा, पोरगीनं तुमाला येड्यात काढलंय." मी त्येला असलं झापलं की विचारू नका. गुंडूची आणि माझी म्हैस दर पाडव्याला समोरासमोर असती, त्यामुळं त्यो चांगलं बोलला तरी मला वाईटच ऐकू येतंय.

दसऱ्यानंतर साडूच्या नव्या घराची वास्तुशांत होती. मी नवा फेटा बांधून गाडीत बसायला गेलो तर पुढची सीट बदललेली. दोन्ही अंगांनी वर आलेली, घमेल्यासारखी. बसलो. म्हंजे पोरीनं आणि शालूबाईनं दाबून बसवलं. खांद्यावरनं दोन पट्टं, कमरंवरनं दोन पट्टं, मधी खटका. शालूबाई मागं पत्र्यावर गोधडी टाकून, दोन हातांनी दोन पाइप धरून बसली. येवढी पंचेचाळीस किलोमीटरची वाट तिनं तोंडातनं चकार शब्द काढला न्हाय, त्याचं मला नवल वाटलं. ती बी सामील होती, हे मला लय मागनं कळलं.

साडूच्या दारात गाडी थांबली. खटका निघाला. पट्टं निघालं. मी काय निघंना.

"आण्णा, पोट आत घ्या," क्रांती म्हणाली.

"आतच हाय! त्येच अडकलंय!"

साडूनं एक हात धरला, त्येच्या भावानं दुसरा धरला. फेटा सुटला. वास्तुशांतीला आलेलं सगळं गाव बाहेर आलं, भटजी बी मंत्र अर्धवट सोडून बघायला आले. शेवटी कुणीतरी गोडं तेल आणलं. पावणं, तेल लावून बाहेर काढलेला मी त्या जिल्ह्यातला पयला साडू असंन.

"ही सीट कुणी घातली?" मी तिथंच गरजलो.

"कंपनीचा नियम."

"कंपनीत जाडी माणसं न्हाईत व्हय?"

आता म्हशीकडं येतो. तुमी बाहेरगावचं, तुमाला ठाऊक नसंल. आमच्याकडं पाडव्याला म्हशी पळवत्यात. शिंगं रंगवायची, कवड्यांची माळ घालायची, मोरपीस लावायचं आणि मालकानं मोटारसायकलचा सायलेन्सर काढून ती पुढं पळवायची. म्हैस त्या आवाजाला लावलेली असती, आवाज जाईल तिकडं ती उधळती. त्यामुळं दिवाळीच्या आधी महिनाभर सगळ्या बावड्यात पहाटंपासनं नुसती फाडफाड असती. कोण कशाचा सायलेन्सर काढून बसलंय, कुणी विचारत न्हाय.

चंद्रीनं सलग दोन वर्षं पयली येऊन निशाण आणलेलं. तिसरं आणलं की बावड्यात आमचं नाव कायमचं, असं माझ्या मनात पक्कं. पण यंदा काय झालं कुणास ठाऊक. मी मोटारसायकल फाडफाडवत पुढं जायचो आणि मागं बघितलं की ही बया रस्त्याच्या मधी रवंथ करत उभी. हाक मारली तर मान वळवून गोठ्याकडं बघायची. शालूबाईनं मिरच्या-मीठ उतरून टाकलं. जनावरांचा डॉक्टर आणला, त्यो म्हणाला, "धडधाकट हाय, उलट वजन वाढलंय."

वजन माझं बी वाढलं होतं म्हणं. महिनाभर पुरणारी गुळाची भेली आठ दिवसात संपाया लागली. शालूबाईला विचारलं तर म्हणाली, "पोळ्या केल्या."

"एवढ्या? खाल्ल्या कुणी?"

"तुमीच."

मी पोटाकडं बघितलं. वास्तुशांत आठवली. पटलं.

पाडवा उजाडला. कारखान्याकडचा रस्ता बंद करून दोन्ही अंगांना ही गर्दी. बायका, पोरं, म्हातारी माणसं, भिंतीवर, झाडावर. पंच म्हणून विजयसिंह तात्या, जुनं पैलवान, कान मोडलेलं, शब्द मोडत न्हाय असं माणूस. नियम एकच. म्हैस मालकाच्या गाडीमागनंच पळाली पायजे, दुसऱ्याच्या गाडीमागं गेली की बाद. शेवटच्या जोडीला मी आणि गुंडू उरलो.

तात्यांनी रुमाल खाली केला. मी मोटारसायकलची मूठ पिळली. चंद्री वीस पावलं आली आणि थांबली. गुंडूची म्हैस निघाली सुसाट. लोक हसायला लागलं. माझी कानशिलं तापली. मी वळून चंद्रीला शिव्या घालणार, तवर तिनं कान उभं केलं.

मोठा रस्ता बंद म्हणून क्रांती सोमशेखरच्या वर्कशॉपवरनं गाडी घेऊन मधल्या उसातल्या वाटेनं घराकडं निघालेली. ती वाट आमच्याच रस्त्याला येऊन मिळती. त्या दिवशी गाडीचं शेवटचं काम झालेलं. मागचं नळकांडं मोठं घातलेलं, आवाज गिळणारा डबा कायमचा काढून टाकलेला. उसातनं जी गर्जना बाहेर आली ती ऐकून माझी मोटारसायकल मलाच शिंकल्यासारखी वाटली.

चंद्रीनं शेपूट वर केली आणि सुटली. माझ्या शेजारनं गेली, गुंडूच्या शेजारनं गेली, गुंडूच्या म्हशीच्या शेजारनं गेली आणि पांढऱ्या गाडीच्या मागं लागली. माझी पोरगी पुढं, माझी म्हैस तिच्या मागं, आणि मी सगळ्याच्या मागं धूळ खात.

पण मागं होतो म्हणून मला दिसलं, पावणं. पोरीनं आरशात म्हैस बघितली. ब्रेक मारला असता तर चंद्री मागची काच फोडून आत गेली असती. जोरात पळवली असती तर चंद्री बावचळून बायका-पोरांत घुसली असती. तिनं दोन्हीतलं काय केलं न्हाय. म्हशीची जेवढी धाव, तेवढीच गाडी ठेवली. चंद्रीचं नाक आणि गाडीचा पत्रा, मधी एक हात अंतर. म्हैस वाढली की गाडी वाढायची, म्हैस दमली की गाडी दमायची. रेघ ओलांडंपर्यंत त्या एका हातात केसभर फरक पडला न्हाय. माझ्या छातीत असं काहीतरी भरून आलं की मी मूठ पिळायचीच विसरलो.

रेघेच्या पलीकडं गाडी अलगद थांबली. गर्दीतनं शालूबाई धावत पुढं आली आणि चंद्रीनं सरळ तिच्या ओटीत तोंड घातलं. ओटीत गूळ होता.

"पोळ्या," मी म्हणलं.

शालूबाईनं तोंड फिरवलं. महिनाभर मी पहाटं दुधाच्या कॅना घेऊन गेलो की ह्या दोघी मायलेकी गोठ्याच्या शेजारी त्यो डबा काढून गाडीचा आवाज तपासायच्या आणि मी यायच्या आत डबा परत बसवायच्या. त्या आवाजानं चंद्री वरडायची. सगळं फुटंल म्हणून शालूबाई तिला गुळाचा खडा द्यायची. रोज आवाज, रोज गूळ. माझ्या मोटारसायकलमागं तिला काय मिळायचं? शिव्या. जनावर असलं म्हणून काय झालं, अक्कल असतीच की.

गुंडू बोंबलतच आला. "तात्या, बाद करा! म्हैस मालकाच्या गाडीमागनं पळाली न्हाय!"

"गाडी कुणाची हाय?" तात्यांनी विचारलं.

क्रांतीनं गाडीच्या मालकीचं पुस्तक काढून दिलं. तात्यांनी चष्मा लावून वाचलं. "मालक आण्णाच हाय की रं."

"पण आण्णाला कुठं ठाऊक होतं?" गुंडू सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "बघा की आत! पोरगीनं गाडीचा पार सांगाडा केलाय आणि बापाला पत्ता न्हाय!"

लोक गाडीत डोकवाया लागलं. पिंजरा, घमेलं, पट्टं. आणि सगळं बावडा माझ्याकडं बघाया लागलं. पावणं, हरलो असतो तर चाललं असतं, पण येडा ठरायचं? मी छाती काढली.

"कोण म्हणतंय पत्ता न्हाय? माझ्या परवानगीनं झालंय सगळं! पाइप मीच घालायला लावल्यात!"

सोमशेखर गर्दीत उभा होता. "अय्यो," असा बारीक आवाज आला, आणि त्येनं परत पायाचा अंगठा बघायला सुरुवात केली.

"मग लिहून द्या," गुंडू म्हणाला. "मालकाची संमती होती म्हणून."

"द्या की," तात्या म्हणाले. "कागद हाय का कुणाकडं?"

"हाय," क्रांती म्हणाली.

तिनं डॅशबोर्डातनं घडी काढली आणि माझ्यासमोर उलगडली. कपाचा गोल डाग. श्रावणातलाच कागद. माझी गाडी स्पर्धेत चालवायला माझ्या मुलीला माझी संमती हाय, खाली मालकाची सही. मी कागदाकडं बघितलं, मग पोरीकडं बघितलं. ती हसत न्हवती. ओठ घट्ट दाबलेलं आणि पेन उलटाच, टोपणाकडनं माझ्यापुढं धरलेला. आरशात म्हैस बघून जो हात चुकला न्हवता, त्यो आता चुकत होता.

मी सही केली. तात्यांनी वाचला, मान डोलवली, घडी घातली आणि कागद स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात टाकला.

क्रांतीचा चेहरा खर्रकन उतरला. परवा सकाळी गाडी रॅलीच्या तपासणीला न्यायची आणि त्या कागदाशिवाय तिला आत घेणार न्हवतं. दुसरा कागद छापता आला असता, पण सही कुठनं छापणार? तिनं मात्र कागद मागितला न्हाय. मागितला असता तर बाप सगळ्या गावात उघडा पडला असता. तीन महिनं मला बनवणारी कार्टी, आणि ऐन वेळेला माझीच अब्रू राखत होती.

मला काय ते सोसलं न्हाय.

"तात्या, त्यो कागद पोरीला द्या."

"का रं?"

"तिला गगनबावड्याच्या रॅलीला लागतोय. आणि मगाशी मी खोटं बोललो. मला कशाचा पत्ता न्हवता. तीन महिनं कंपनीचा नियम म्हणून मला गंडवलं हिनं. श्रावणात सही मागितली तवा न्हाय म्हणलं, कारण मला भ्या वाटलं होतं." मी चंद्रीच्या पाठीवर हात ठेवला. "आता बी वाटतंय. पण सही माझी हाय. ती खोटी न्हाय."

गर्दीतली माणसं एकमेकाकडं बघाया लागली. फक्त चंद्री गूळ चघळत होती.

"मग झालं की!" गुंडूनं टाळी वाजवली. "बाद!"

तात्या मोडका कान खाजवत सावकाश म्हणाले, "म्हैस मालकाच्याच गाडीमागनं पळाली. ती नियमात हाय. मालक पंचापुढं खोटं बोलला, त्यो बाद. निशाण म्हशीला द्या, मालकाच्या हातात द्यायचं न्हाय." आणि खिशातला कागद काढून त्यांनी क्रांतीच्या हातात ठेवला.

म्हणून निशाण चंद्रीच्या शिंगाला बांधून घरी आलं. मी मोटारसायकल ढकलत मागनं आलो. रात्री जेवताना शालूबाईला विचारलं, "नेमकी त्याच वेळेला गाडी तिथं कशी आली गं? तुमी ठरवून केलं व्हय?"

"मला काय ठाऊक?" ती म्हणाली. "मी पोळ्या लाटत होते."

रॅलीच्या दिवशी गगनबावड्याला एवढं धुकं की शेजारचं माणूस दिसंना. गाडीवर आकडा चिकटवलेला, आत घमेल्यात क्रांती, शेजारच्या घमेल्यात सोमशेखर वळणं लिहिलेली वही घेऊन. मी खिडकीपाशी वाकलो. 'हळू जा' म्हणायला तोंड उघडलं, आणि पाडवा आठवला.

"जेवढं पायजे तेवढंच," मी म्हणलं.

"व्हय आण्णा," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यात पाणी आलं. मग टोपीची काच खाली ओढली.

एका माणसानं हातानं पाच, चार, तीन दाखवलं आणि गाडी सुटली. त्यो आवाज डोंगराला धडकून परत आला. पयल्या वळणावर मागचं दोन लाल दिवं दिसलं, मग धुक्यानं गिळलं. 

"अवं!" मागनं शालूबाईची हाक आली. "अवं, कुठं निघालासा?"

मी थांबलो. बघतो तर गर्दी थोपवायला बांधलेल्या दोरीच्या पलीकडं चाळीस पावलं आलेलो, एक चप्पल मागं राहिलेली, फेटा सुटलेला आणि धाप लागलेली. कधी पळाया लागलो, देवाशपथ मला कळलं न्हवतं. 

शालूबाई चप्पल घेऊन आली. पदराची गाठ सोडली आणि गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला.